मुकादम वकिलांचं काल्पनिक उदाहरण

"पंधरा वर्षं झाली उझमा, एकाही अशिलाची गोष्ट या तोंडातून बाहेर पडलेली नाही! आणि सोशल मीडियावर तर पडणारच नाही!"

जुईनगरच्या आपल्या स्वयंपाकघरात उभं राहून नौमान मुकादम वकिलांनी रविवारी सकाळी ही घोषणा केली आणि फ्रिजवर एक कागद चिकटवला. त्यावर अकरा नियम होते. वकिलाने जाहिरात करायची नाही, म्हणून फोन नंबर द्यायचा नाही. गाऊन आणि बँड घालून कॅमेऱ्यासमोर यायचं नाही. कमेंटमध्ये फुकटचा सल्ला द्यायचा नाही. चालू केसबद्दल चकार शब्द काढायचा नाही. आणि पाचवा नियम लाल पेनाने: अशिलाची गोष्ट अशिलाची! उदाहरण द्यायचंच झालं तर शंभर टक्के काल्पनिक.

हा सगळा खटाटोप कशासाठी, तर कोर्टातली नवी पोरं जामीन मिळाला की पायऱ्यांवरच ढॅण्टॅढॅण म्युझिक लावून रील टाकायची, आणि ते बघून मुकादम वकिलांचं पित्त खवळायचं. वकिलाने सोशल मीडिया कसा वापरावा हे या पोरांना दाखवून द्यायचंच, असा त्यांनी पण केला होता. आणि मुकादमांनी एकदा पण केला की तो त्यांच्या बापाच्यानेही मोडायचा नाही.

"विषय काय?" उझमाने विचारलं. ती फार्मसीत कामाला होती, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी तिला कुणाचीही प्रिस्क्रिप्शन्स नको असायची.

"गोपनीयता! पण लोकांना पटेल असं एखादं उदाहरण हवं."

वकीलसाहेबांनी इकडेतिकडे पाहिलं. ओट्याखाली तांदळाचा डबा होता. लगेच सुचलं!

"समजा," ते कॅमेऱ्याकडे बघून म्हणाले, "एका घरात आई वारली. एका भावंडाने आईच्या पाटल्या तांदळाच्या डब्यात लपवल्या आणि बाकीच्यांना सांगितलं, चोरीला गेल्या. पुढे मनाला लागलं म्हणून त्याने हे वकिलाला सांगितलं. तर ही गोष्ट वकिलाच्या पोटातच राहते. लक्षात ठेवा, तुमचं गुपित वकिलाकडे सेफ आहे!"

दीड मिनिटाचं रील. अकरापैकी एकही नियम मोडला नव्हता. वकीलसाहेब समाधानाने जेवले आणि गाढ झोपले.

चार वाजता बेल वाजली. दारात सोसायटीचे सेक्रेटरी हौसेराव, चेहरा पडलेला.

"काय वकीलसाहेब, शेजारधर्म वगैरे काही आहे की नाही?"

"काय झालं?"

"तुमचं ते रील! मिसेसनं बघितलं आणि उठून सरळ तांदळाचा डबा पालथा घातला! माझी चार पाकिटं सापडली ना! सिगारेट सोडली म्हणून मी वटसावित्रीला शप्पथ घेतली होती!"

"अहो, पण मी पाटल्या म्हणालो!"

"तिला डबा कळला, बास झालं!"

सोमवारी रील जे पसरलं ते आवरेना. तुर्भ्याच्या एका कारखान्यातल्या तीन भावांचे तीन फोन आले. तिघांचं म्हणणं एकच: आमच्या घरातली गोष्ट तुम्हाला कुणी सांगितली? मोठा म्हणे धाकट्याने, धाकटा म्हणे मधल्याने. आणि मुकादमांनी त्या तिघांपैकी एकाचंही तोंड कधी पाहिलेलं नव्हतं!

"ही गोष्ट तुमची नाही हो!"

"मग कुणाची?"

"कुणाचीच नाही!"

"हां, वकील असंच बोलणार."

मुकादम डगमगले नाहीत. मंगळवारी त्यांनी दुसरं रील टाकलं. सदर उदाहरण संपूर्णपणे काल्पनिक असून कोणत्याही जिवंत वा मृत व्यक्तीशी साधर्म्य आढळल्यास तो योगायोग समजावा. झालं! खाली कमेंट आली, "सिनेमाआधी अशी पाटी आली की समजायचं, स्टोरी खरी आहे." तिला नऊशे लाइक. पहिलं रील ज्यांचं बघायचं राहून गेलं होतं, तेही आता परत जाऊन बघून आले.

या सगळ्या धांदलीत श्रीवर्धनहून बतूलखालाचे सहा मिस्ड कॉल येऊन पडले होते. खाला म्हणजे वकीलसाहेबांची सख्खी मावशी. लोणच्याची बरणी कुणाबरोबर पाठवू, हेच विचारणार. "तिला शुक्रवारनंतर करतो फोन," ते म्हणाले.

कारण शुक्रवार महत्त्वाचा होता. दिवाळे कोळीवाड्यातल्या यशोदाबाई आणि त्यांचा धाकटा भाऊ देवजी यांच्यात बापाच्या होडीवरून चार वर्षं दावा चालू होता. चार वर्षं होडी जेट्टीला बांधलेली, तळाला शेवाळ धरलेलं आणि भाऊबहीण एकाच गल्लीत राहून एकमेकांच्या दाराकडे न बघता जाणारे. मुकादम यशोदाबाईंचे वकील. देवजीची वकील भाविका म्हात्रे, पोरगी हुशार आणि जिभेने धारदार. दोघांनी मिळून घासाघीस करकरून आठ कलमांचा तडजोडनामा तयार केला होता. शुक्रवारी कोर्टासमोर सह्या झाल्या की नारळी पौर्णिमेला होडी पाण्यात! एवढ्या वर्षांत मुकादमांना दुसऱ्या कुठल्या कागदाचा एवढा अभिमान वाटला नव्हता.

बुधवारी यशोदाबाई ऑफिसात आल्या. टोपली दाराबाहेर ठेवली, आत आल्या, पण बसल्या नाहीत.

"माजी फाईल दे."

"काय झालं यशोदाबाई?"

"आयच्या पाटल्यांचा मी तुला कवा सांगितला? येक शबुद नाय सांगितला! मंग तुला कसा ठावा?"

मुकादमांनी पेन खाली ठेवलं. "तुमच्या आईच्या पाटल्या?"

"आय गेली नी पाटल्या गेल्या. गावात बोभाटा नको म्हनून मी त्वांड शिवून बसले. नी तू त्या मोबाईलमदी सगल्या जगाला सांगलास! माज्या सुनेनं दाखवला मना!"

"मी मनाने रचली होती ती गोष्ट! अल्लाची शप्पथ!"

"सुक्रवारी बगते," म्हणून त्या गेल्या. टोपलीसकट! चार वर्षांत यशोदाबाई पापलेट न ठेवता गेल्या, असं पहिल्यांदाच घडलं.

पाठोपाठ भाविकाचा फोन. "नौमानभाई, देवजी सही करायला तयार नाही. म्हणतो, तुम्ही त्याला मोबाईलवर चोर ठरवलं."

"मी देवजीला शोधून समजावतो!"

"माझ्या अशिलाशी परस्पर बोलणार? तुमच्या फ्रिजवर सातवा नियम काय आहे?"

फ्रिजचा फोटो मुकादमांनी स्वतःच बार असोसिएशनच्या ग्रुपवर टाकला होता. समोरच्या वकिलाच्या अशिलाशी परस्पर बोलायचं नाही, हा सातवा!

तरी गुरुवारी संध्याकाळी ते दिवाळ्याला गेले, यशोदाबाईंची समजूत काढायला. नेमका जेट्टीवर देवजीच समोर आला. जाळ्याचा गोळा खांद्यावर, डोळे लाल.

"काय वकील? बोला ना आता! कंच्या भावानं लपवल्या?"

मुकादमांना बोलायचं होतं. जीव तुटत होता बोलायला! पण नियम सातवा. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि खिशातून फोन काढून भाविकाला लावायला लागले.

"बगा रं, बगा!" देवजी अख्ख्या जेट्टीला ऐकू जाईल असा ओरडला. "त्वांड बंद झाला! नी परत मोबाईल काडलान! आता माजा बी व्हिडिओ काडतंय!"

मासे निवडणाऱ्या बायका उठून उभ्या राहिल्या. मुकादम वकील कसेबसे रिक्षापर्यंत पोचले.

घरी उझमाने पुढ्यात पाणी ठेवलं. "रील डिलीट कर."

"नाही! डिलीट केलं की कबुली दिल्यासारखं होईल. मी काही चुकीचं केलेलं नाही. उद्या कोर्टात सगळ्यांसमोर सिद्ध करीन!"

"काय सिद्ध करणार? की तुझ्या डोक्यात गोष्ट आपोआप आली?"

"आलीच!"

उझमाने फ्रिजवरच्या कागदाकडे पाहिलं आणि ती भांडी लावायला लागली. बायको भांडी लावायला लागली की समजावं, ती बरोबर आहे.

शुक्रवारी बेलापूरच्या कोर्टाच्या व्हरांड्यात एका बाकाच्या एका टोकाला यशोदाबाई, दुसऱ्या टोकाला देवजी. मधे तडजोडनामा, आठ कलमं, टाइप करून तयार. पुकारा व्हायला अर्धा तास होता.

"नौमानभाई," भाविका म्हणाली, "माझ्यासमोर, माझ्या परवानगीने सांगा माझ्या अशिलाला. ही गोष्ट आली कुठून?"

"सांगतो!" मुकादमांनी छाती पुढे काढली. "देवजीभाऊ, यशोदाबाई, ही गोष्ट जगात कुणाचीही नाही. मी स्वयंपाकघरात उभा होतो, समोर डबा होता, सुचली! माझ्याकडे लपवण्यासारखं काही नाही!"

तेवढ्यात फोन वाजला. बतूलखाला. मुकादमांनी कट करायला बोट नेलं.

"कट करतंय!" देवजीने झडप घातली. "ह्योच तो! ज्याची गोष्ट हाय तोच फोन करतंय! उचला! समद्यांना आयकू द्या!"

"घ्या! स्पीकरवर घेतो! माझी खाला आहे, लोणच्याबद्दल बोलणार आहे!"

त्यांनी बटण दाबलं.

"नौमान!" व्हरांडाभर आवाज घुमला. "सात वेळा फोन केला, एकदा उचलला नाहीस! माझ्या तांदळाच्या पिंपाची गोष्ट तू जगाला सांगितलीस?"

शेजारच्या बाकावरचे दोन पोलीसही वळले.

"तुझ्या नानीच्या पाटल्या मी पिंपात ठेवल्या, हे तुझ्याशिवाय कुणाला ठाऊक होतं? सकाळी तुझी आई आली. सलाम नाही, दुआ नाही, सरळ पिंपात हात! अख्खं पिंप रिकामं केलं माझं! जन्माची बहीणमाया तांदळात गेली रे!"

मुकादमांना कुठूनतरी खोलातून आठवलं. श्रीवर्धनचं घर, मागचं दार, खालाचा दबका आवाज. त्यांना वाटलं होतं, सुचलं. ते सुचलं नव्हतं, आठवलं होतं!

तेवढ्यात देवजीने मोठा सुस्कारा सोडला. चार दिवसांचा राग चेहऱ्यावरून उतरला. तो हसलाच.

"म्हंजे यांच्या मावशीचा डबा व्हता! आनि मी उगाच घाबरलू. मना वाटला, माज्याच डब्याचा समाजला!"

भाविकाने डोळे मिटले.

यशोदाबाई सावकाश उठल्या. "कंच्या डब्याचा, देवजी?"

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते असं भर व्हरांड्यात पडलं. देवजी आधी पोलिसांकडे, मग भाविकाकडे, मग छताकडे बघत राहिला. मग एकदम लहान पोरासारखा म्हणाला, "इकल्या नाय गं. हायत. तशाच हायत. तू भांडलीस नि मंग द्यायची लाज वाटली."

यशोदाबाईंनी पदराने डोळे पुसले आणि त्याच पदराच्या हाताने त्याच्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला. पोलीस उठले आणि परत बसले.

"कलम नववं," भाविकाने पेन काढलं. "एक पाटली ताईची, एक भावाची. दोघांना मान्य?"

"मान्य!"

पुकारा झाला, सह्या झाल्या. बाहेर येताना यशोदाबाई मुकादमांना म्हणाल्या, "उद्या पापलेट आनते. पन सायेब, घरात काय शिजला, ता मोबाईलमदी सांगू नको."

मुकादमांनी खालाला परत फोन लावला. "खाला, माफ कर. पण तू काही माझी अशील नव्हतीस ना..."

"नव्हते?" खालाचा आवाज या वेळी चढलेला नव्हता. "तुला सनद मिळाली त्या दिवशी मागच्या दाराशी बसवलं तुला. म्हटलं, आता तू वकील झालास, आता तुझ्या पोटात राहील. तीन सांदणं खाल्लीस फी म्हणून. तुझी पहिली अशील मी होते, पोरा."

पंधरा वर्षांत एकाही अशिलाची नाही! मुकादम कोर्टाच्या पायरीवर बसले. ते वाक्य त्यांच्या प्रोफाइलवर ठळक अक्षरात होतं. आधी ते पुसलं, मग रील पुसलं, मग दुसरं रील. आणि रविवारी पहाटेची एसटी धरून ते श्रीवर्धनला गेले, कारण माफी फोनवर मागायची नसते, असं त्यांनी ठरवलं होतं. आणि मुकादमांनी ठरवलं म्हणजे ठरवलं.

खालाने दार उघडलं. शेजारी आईही उभी. दोघी बहिणी दोन दिवसांत पुन्हा एक झाल्या होत्या, भाच्याविरुद्ध.

"आधी तो मोबाईल तांदळाच्या पिंपात टाक," खाला म्हणाली. "मग बोलू."

मुकादम वकिलांनी निमूटपणे झाकण उचललं. पिंपात आधीच काहीतरी होतं. काय होतं, ते उझमाने विचारून पाहिलं, भाविकाने विचारलं, आम्हीही तीनदा विचारलं.

सांगत नाहीत.