कॉम्प्युटरच्या कॅसेटवर खंडोबाचं जागरण

मला सहसा राग येत नाही. बोलायलाच इतका वेळ लागतो, की तोवर राग निघून जातो. पण सोलापूरच्या त्या दुकानदारानं मला पेटवलंच.

माझ्या लेकीची, विमलची, सोमवारी साखर कारखान्याच्या हापिसात मुलाखत होती. कॉम्प्युटर येणाऱ्याला आधी घेणार होते. म्हणून जुना कॉम्प्युटर आणला. घरी आल्यावर कळलं, त्याला पडदाच नाही, टीव्ही जोडायचा. मग मेमरी कमी पडली. मागं एक डबी बसवली. मग कॅसेटवरचे धडे कॉम्प्युटरात भरायला टेपरेकॉर्डर जोडला. (म्हैस घेऊन शिंगं वेगळी विकत घ्यावीत, तसं.)

दुकानदारानं धड्यांची कॅसेट दिली होती. विमल कॉलेजात गेलेली, तेव्हा म्हटलं, ऐकून तर बघू. लावली, तर नुसतं किर्र-चर्र!

"सरू, यात मास्तर बोलंना की!"

"बिघडलीय व्हय?" बायको चुलीपासून म्हणाली.

"बिघडलेलीच दिली! लुटलं मला!"

"मग ठिवता कशाला? आज बनाबाईकडं जागरण हाय. वाघ्याची गाणी भरून घ्या."

घेतली भरून. दुष्काळात काही वाया घालवायची सवयच राहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी, मी गाण्यांचं सांगायच्या आत, विमलनं कॅसेट लावली. वायर खोचली की टेपचा आवाज बंद व्हायचा. टीव्हीवर नुसत्या पट्ट्या नाचल्या. लेक रडकुंडीला आली. मी तिला घेऊन तडक एस.टी. पकडली.

"चोर हाय तू!" दुकानात शिरताच मी ओरडलो. (आयुष्यात पहिल्यांदा शब्द भराभर आले.) "पोरीची सोमवारी मुलाखत, आन् तू किरकिर इकतो?"

माणसं जमली.

"मामा, किरकिरच असती ती," दुकानदार रामलिंग म्हणाला. "कॉम्प्युटरला कळती. आपण ऐकायची न्हाय."

"मग चालंना का?"

त्यानं कॅसेट लावली. आतून माझाच आवाज आला, सावकाश, "सरू... हे लाल बटन... दाबलं बघ. चोराची कॅसेट हाय... पुसली तरी... पाप न्हाय." मागून वाघ्या गरजला, "यळकोट यळकोट जय मल्हार!"

अख्खं दुकान हसलं. एकटी विमल हसली नाही.

रामलिंगनं दुसरी कॅसेट भरून दिली, आणि विमलला नोकरी लागली. पहिल्या दिवशी मी कौतुकानं डबा घेऊन गेलो. तिनं तो फाटकातच घेतला.

"अण्णा, तुम्ही आत नका येऊ. आत कॉम्प्युटरच्या टेपा हायत."

मला असा राग आला! पण तोंड उघडेपर्यंत ती आत गेली होती.