सामंतकाकांचे भाडेकरू

सामंतकाका रोज सकाळी स्वतःच्या पायांना झापतात. "उठा रे, आठ वाजले! मेंटेनन्स तुमचो बापूस भरतलो?"

पाय उठत नाहीत. पाण्याच्या टाकीवरून पडल्यापासून काकांना छातीखाली काहीच कळत नाही. पायांना ते 'भाडेकरू' म्हणतात. आलेल्या पाहुण्याने "अरेरे" केलं, की लगेच ओळख करून देतात, "हे दोघे पागडीवाले. भाडं देत नाय, जागा सोडत नाय." मधेच पाय आपले आपण थरथरायला लागले, की म्हणतात, "बघ, भाडेकरूंची मीटिंग भरली. चाय पाठव."

आमच्या बोरीवलीच्या सोसायटीचे काका अजून सेक्रेटरी आहेत. मी त्यांना उचलतो, आंघोळ घालतो, खुर्ची ढकलतो. मी वाशिमकडचा, आठवीतून शाळा सुटलेला. ब्रेक लागला का, हे तीनतीनदा बघणारा भित्रा माणूस. पण लिफ्टमध्ये कुणीही भेटलं, की काका सांगतात, "ह्यो माझो चीफ इंजिनीअर." इथं माझं कुणी नाही. ते ऐकलं की दिवस चांगला जातो.

यंदा काकांच्या मूत्राशयात खडा निघाला. सारखा ताप यायचा. मोठे डॉक्टर म्हणाले, काढला नाही तर किडनी जाईल. हॉस्पिटलात भरती केलं. भूल देणाऱ्या मॅडम तपासायला आल्या, तर काका खुशीत.

"मॅडम, तुमका सुट्टी! खाली कायव कापा, माका पत्तो लागाचो नाय. भूल कशाक?"

"काका, तुम्ही सेक्रेटरी ना? खालच्या मजल्यावर आग लागली आणि तुमची धोक्याची बेल बंद असली, म्हणून धूर वर यायचा थांबतो?"

"नाय."

"तसंच आहे. तुम्हाला नाही कळलं, तरी अंगाला कळतं. बीपी असं चढेल, की जिवावर बेतेल."

"मग पाठीत सुई मारा. मी जागो ऱ्हवतंय."

"पाठ वाकडी, त्यात मणक्यात घातलेल्या जुन्या सळ्या. सुईला वाट कुठाय? पूर्ण झोपवावं लागेल."

मॅडम बाहेर जाताच काका म्हणाले, "झिला, खुर्ची आण. घराक जाऊया."

"काका, असं काय करताय?"

बराच वेळ ते चादरीची सुरकुती सारखी करत राहिले. मग हळूच बोलले, "टाकीवरून पडलंय, तेव्हा डोळे मिटले. उघडले, तर अर्धोच परत इलंय. आता परत मिटले आणि ह्यो अर्धो पण..."

कधी नव्हे तो मी धावतच गेलो. मॅडमना गाठलं, सगळं सांगितलं. त्या परत आल्या आणि काकांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "डोळे उघडाल तेव्हा हा समोर असेल. माझी जबाबदारी."

काकांनी माझ्याकडे बघितलं. "ह्यो? ह्योच चक्कर येऊन पडतलो!" पण सही केली.

ऑपरेशन झालं. मॅडमनी मला आत बोलावलं. काकांच्या पापण्या हलल्या. ओठ सुकलेले, आवाज खोल गेलेला.

"झिला, मी किती उरलंय रे?"

"गेलात तेवढेच आलात, काका."

"नीट बघ."

मी केसांपासून पायाच्या अंगठ्यापर्यंत हात फिरवला. "सगळे आहात."

त्यांनी माझा हात धरला. आणि कुणी सुई न मारता, आपणहून, पुन्हा झोपले.