मालकांनी नवा मालक पाहिला

चौथी शिकलेल्या बाईचं लिहिणं आहे, तेव्हा वेलांट्या इकडच्या तिकडे झाल्या असतील तर रागावू नये. अक्षराबद्दल तर बोलायलाच नको, काल लिहिलेलं आज माझं मलाच लागत नाही. पण चार माणसांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, म्हणून दुपारी घर रिकामं झालं की मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर लिहीत बसते. आज शेजारच्या मालकांबद्दल लिहिते.

मालक रोज सकाळी फुटबॉलच्या मैदानाचं कुलूप ओढून बघायचे. दुकानदार रात्री शटर लावल्यावर बघतो ना, तसं. एकदा ओढायचं, चार पावलं जायचं, परत यायचं आणि पुन्हा ओढायचं. लॉकडाऊन लागला तेव्हा इथे ऑस्ट्रेलियात, आमच्या पेंडल हिलच्या सगळ्या लोकांना व्यायामाला बाहेर पडायची मुभा होती. कुणी पळायचं, कुणी कुत्रं फिरवायचं. आमचे मालक कुलूप ओढायचे. एकदा पोलिसाने त्यांना हटकलं. तर हे मास्कच्या आतून म्हणाले, "नो वरीज मेट, आय ॲम ओनर." पोलिसाने एकदा त्यांच्या तुटलेल्या चपलेकडे बघितलं आणि निघून गेला.

खोटं बोलले नव्हते. त्यांचं खरं नाव दत्ताजीराव. मूळचे कोल्हापूरचे. तिथे लहान पोराला आधी फुटबॉल कळतो, मग आईबाप, असं तेच सांगतात. तीस वर्षांपूर्वी इथे फिटर म्हणून आले. रविवारी जीव लागेना, म्हणून जवळच्या मैदानावर जाऊन बसायला लागले. लहानसा क्लब, इटालियन आणि माल्टाच्या लोकांनी काढलेला. मग एकदा क्लबला मैदानावर दिवे लावायचे होते आणि पैसे नव्हते, तेव्हा त्यांनी आजूबाजूच्या लोकांना शेअर विकले. मालकांनी ओव्हरटाइमचे पैसे नेऊन दिले. ते पैसे सोफ्यासाठी साठवलेले होते. त्यांच्या बायकोने, शालूताईंनी, पुढची कितीतरी वर्षं येईल त्या पाहुण्याला खाली गादीवर बसवलं आणि सांगितलं, "बसा हो. सोफा आमचा मैदानावर आहे."

शेअर म्हणजे किती, तर क्लबची एखादी वीट त्यांची असेल. पण वागणं अख्ख्या इमारतीच्या मालकाचं. सामना चालू असताना हे संडासातले दिवे बंद करून यायचे, आत कोण आहे ते न बघता. नळ टपकला की स्वतः वॉशर बदलायचे. पहिल्या सामन्याआधी गोलच्या खांबाशी नारळ फोडायचे आणि मैदानात पाय ठेवताना चपला काढायचे. चेंडू कुंपणाबाहेर गेला की खेळाडू दुसरा चेंडू मागायचे, आणि हे ओरडायचे, "थांबा की ओ, आणतो! बॉल काय झाडाला लागतात?" मराठीत ओरडायचे. सगळे थांबायचेसुद्धा.

त्यांचं इंग्रजी मला छान कळतं, कारण ते बरंचसं मराठीच असतं.

शालूताई गेल्यावर घरात मालक आणि नेहा दोघंच राहिले. नेहा त्या मैदानावरच वाढली. आधी बापाच्या खांद्यावर बसायची, मग मुलींच्या टीममध्ये खेळायला लागली. पुढे नर्स झाली आणि पर्थला मोठ्या दवाखान्यात रात्रपाळीला लागली. पर्थ ऑस्ट्रेलियातच आहे, पण विमानाने जायला आमच्या मुंबई-दिल्लीच्या दुप्पट वेळ लागतो. मालक मात्र म्हणायचे, "इथंच तर हाय, वैनी. एका देशात." मग कोरोना आला आणि पर्थवाल्यांनी आपली दारं लावून घेतली. एका देशात असून जाता येईना.

त्यातच नेहाचं लग्न ठरलं. मुलगा तिथलाच, नाव टॉम, रुग्णवाहिकेवर काम करतो. पुढे ढकलायचं तरी किती, कधी उघडणार ते कुणालाच माहीत नाही. शेवटी त्यांनी तिथे पाच-सहा माणसांत सही करून लग्न केलं. मालकांचा फोन छोटा, म्हणून माझ्या मुलाने, संजयने, आमचा कॉम्प्युटर त्यांच्या घरी खिडकीतून दिला आणि तो स्वतः अंगणात उभा राहून कुठलं बटण दाबायचं ते सांगत राहिला. मी कुंपणापलीकडून बघत होते. मालकांनी फेटा बांधला होता. वर कोट, खाली घरातला लेंगा, कारण खालचं दिसत नाही असं संजयने सांगितलं होतं. सही व्हायच्या वेळी ते ताडकन उभे राहिले, लेंगा सगळ्या पर्थने बघितला, आणि त्यांनी मंगलाष्टकं म्हटली. पूर्ण. डोळे मिटून. अक्षता कॉम्प्युटरवर टाकल्या, त्यातल्या दोन-तीन बटणांच्या फटीत अजून आहेत.

नंतर कळलं की आवाज बंद होता. तिकडे कुणाला काहीच ऐकू गेलं नाही. संजयला फार वाईट वाटलं, तो सारखा सॉरी म्हणत होता. मालक म्हणाले, "नो वरीज." आणि दुसऱ्या दिवशी कुलूप ओढायला गेले.

लॉकडाऊन उठता उठता बातमी आली की क्लब विकायचा आहे. दोन वर्षं सामने नाहीत, तिकिटं नाहीत, कँटीन बंद, वीजबिल मात्र येतंच. ज्यांचे मोठे शेअर होते त्यांनी विकायचं ठरवून टाकलं होतं. घेणारा माणूस गॅरेजची दारं बनवतो, नाव ग्रेग. त्याला बारक्या लोकांचे शेअरही हवे होते. ज्याने जेवढे घातले तेवढे परत देणार, पण तीन हप्त्यांत, कारण दारांचा धंदाही बसलेला.

बारके लोक बिथरले. जो नावाचे इटालियन आजोबा आमच्या गल्लीच्या टोकाला राहतात, ते म्हणाले, पहिला हप्ता मिळेल, दुसरा विसरा. बेकरीवाली कार्मेन म्हणाली, हा माणूस मैदान विकून तिथे फ्लॅट बांधणार. कुणी म्हणे टीमचे कपडे बदलणार, कुणी म्हणे मुलींची टीम बंद करणार. रोज कुणी ना कुणी मालकांच्या फाटकाशी लांब उभं राहून विचारायचं, काय करायचं? कारण मैदानावर रोज जाणारा माणूस हाच. शेवटी जो आजोबांनी सगळ्यांच्या वतीने सांगून टाकलं, दत्ता सही करेल तर आम्ही करू, नाही तर कुणीच नाही.

मग एका सकाळी मालक माझ्या दारात आले.

"वैनी, शनिवारी पोहे करायचे. माणूस बघायला येतोय."

मला वाटलं कुणाचं तरी लग्न ठरतंय. तर म्हणाले, ग्रेग येतोय मैदानावर. "पैशाचं बाकीचे बघतील. घर कसं हाय ते कुणी बघायला नको? आपलं लेकरू द्यायचं म्हंजे चौकशी करावी लागती." आणि मलाच पोहे घेऊन यायला सांगितलं. मी म्हटलं, मला लोकांत नको. म्हणाले, "क्लबला ट्रे घेऊन चालता येतंय व्हय?"

गेले. काय करणार? जॅकरांड्याची जांभळी फुलं मैदानाभर पडली होती. लांब लांब खुर्च्या मांडल्या होत्या. ग्रेग चांगला उंच, हात कामाचे, नखं काळी. हे मालकांनी मला कोपराने खुणावून दाखवलं. आपल्या बाजूने पहिला मार्क.

पोह्यांची ताटली मी त्याच्यापुढे धरली तेव्हा वरचं खोबरं सांडलं. दोन वर्षं कुणी कुणाच्या हातचं खाल्लेलं नव्हतं. सगळे बघत होते. त्याने ताटलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मास्क खाली केला आणि खाल्ले. शेंगदाणेसुद्धा टाकले नाहीत. दुसरा मार्क.

मग बाकीचे लोक हप्त्यांचं विचारायला लागले, तेव्हा मालकांनी हात वर केला आणि म्हणाले, आधी माझं. आणि विचारायला सुरुवात केली. आई आहे का? कुठे असते? तिला भेटायला जातो का? दारू किती घेतो? आधी कुठला क्लब घेतला होता का, आणि सोडला असेल तर का सोडला? राग आला की ओरडतो की अबोला धरतो? लोक हसायला लागले. कार्मेनने तर पोट धरलं. ग्रेग आधी हसला, मग त्याच्या लक्षात आलं की समोरचा माणूस हसत नाही. मग तोही नीट बसून उत्तरं द्यायला लागला. आई ब्लॅकटाउनला, रविवारी तिच्याकडे जेवतो. बिअर घेतो, पण गाडी असली की नाही. मालक प्रत्येक उत्तर माझ्याकडे वळून मराठीत मोठ्याने सांगत होते, जसं काही मुलीच्या आईलाच कळवत होते. माझी मान खाली ती खालीच.

शेवटी त्यांनी खुर्ची पुढे ओढली. मग म्हणाले, "नाईट शिफ्ट. फिनिश लेट. डार्क. हू विल ब्रिंग होम?"

कुणाला काही कळेना. क्लबची कसली नाईट शिफ्ट? जो आजोबा हसता हसता थांबले. मालकांचे हात फेटा नसलेल्या डोक्याकडे गेले आणि परत खाली आले. मला मात्र कळलं, आणि मला वर बघवेना.

ग्रेगला वाटलं, मुलींच्या टीमच्या उशिरापर्यंतच्या सरावाचं विचारतायत. तो पुढे वाकून शांतपणे म्हणाला, कुणीही मुलगी एकटी घरी जाणार नाही. कुणाला न्यायला कुणी आलं नाही तर मी स्वतः थांबेन.

मालकांनी हे माझ्याकडे वळून सांगितलं नाही. खिशातून पेन काढलं आणि म्हणाले, "कुठं सही करायची?"

घरी येताना त्यांनी माझा रिकामा डबा हातात घेतला होता. आमच्या फाटकाशी आल्यावर म्हणाले, "त्या टॉमला मी काहीच इचारलं नाही बघा, वैनी. आवाजच बंद होता."

त्यानंतर ते कुलूप ओढेनासे झाले. सकाळी जायचे, पण हात पाठीमागे बांधून कुंपणाच्या कडेने चालत जायचे, लेकीच्या सासरी पाहुणा म्हणून गेल्यासारखे. सामने सुरू झाले. टीमचे कपडे तेच राहिले. पहिला हप्ता आला. दुसऱ्याला उशीर झाला, जो आजोबांनी सगळ्या गल्लीला ऐकवलं, पण तोही आला. मार्चमध्ये पर्थवाल्यांनी दारं उघडली, आणि मालक मिळेल त्या पहिल्या विमानाने निघाले. माझ्याकडून पोहे, शेंगदाणे, कढीपत्ता बांधून घेतला. मी विचारलं, काय काय विचारणार जावयाला?

"आता काय इचारायचं? झालं की लग्न. नुसतं बघून येतो."

ते गेल्यावर आठवडाभराने जो आजोबा सकाळी फाटकाशी आले. हातात फोन, चेहरा असा की लॉटरी लागली. तिसरा हप्ता आला होता, सगळ्यांचा एकाच वेळी. त्यांनी हिशेब करून बघितला होता, घातले तेवढे सगळे परत. दत्ताला सांग, म्हणाले. मला फोन करायला जमत नाही, पण त्या दिवशी केला.

मालकांनी उचलला, पण कुजबुजत बोलत होते. भाड्याच्या गाडीत बसलेत, म्हणाले, दवाखान्यासमोर. कुणाला सांगितलेलं नाही. नेहाची नाईट आत्ता सुटेल.

"टॉम आधीच येऊन उभा हाय, वैनी. थर्मास घेऊन. एवढ्या सकाळी. दोन कप आणल्यात."

मी म्हटलं, मालक, तुमचे पैसे आले. तिसरा हप्ता. आता सगळे पूर्ण झाले, एक सेंट बाकी नाही.

पलीकडे गाडीचं दार लागल्याचा आवाज आला, लांबून नेहाचं हसू ऐकू आलं, आणि मालक म्हणाले,

"कुठले पैसे?"