चौकीतच अडकलेलं मंडळ

एका जंगलात, मुलांनो, मोठ्यांनी वाट विचारायची पद्धत नव्हती. लहानांनी विचारली तर चालायचं. पण एकदा का शिंगं वळली, पिसं पिकली, की विचारणं बंद. रस्ता चुकला तरी म्हणायचं, ‘सहज फिरायला आलोय.’ दादासाहेब गवा एकदा अख्खा उन्हाळा असे सहज फिरत होते. घरच्यांनी कुणाला शोधायला पाठवलं नाही. दादासाहेबांचा अपमान झाला असता.

त्या जंगलात सगुणा नावाची एक तरुण सायाळ राहायची. डोक्याने तिखट. शाळा सोडलेली. शाळेत बगळे सर एका पायावर उभं राहायला शिकवायचे. सगुणाला पाय चार होते. तिने हे सरांना सांगून पाहिलं. सर म्हणाले, आधी शिक, मग शंका काढ. तिने दप्तर बाभळीला अडकवलं आणि घरी आली.

घरी बसून तिने एक गेम बनवला. जुन्या वळणाचा. ठोकळ्याठोकळ्यांची चित्रं, मोजके रंग, टिंवटिंव संगीत. कुणाला मारायचं नाही, उड्या मारत पळायचं नाही. स्क्रीनवर एक बाण. बाण वस्तूवर न्यायचा, क्लिक करायचं, वस्तू उचलायची, दुसऱ्या वस्तूला लावून पाहायची. भेटेल त्याला प्रश्न विचारायचे.

आणि गुन्हा शोधायचा. पाणवठ्यावर एक नगारा टांगलेला असतो. वाघ दिसला की तो वाजतो. एके सकाळी नगारा गायब होतो. त्याच दुपारी वाघ येतो आणि हरणाचं एक पाडस घरी परतत नाही. नगारा कुणी नेला, हे मुंगूस हवालदाराने शोधायचं.

शेकरूंची पोरं हा गेम शेवटपर्यंत खेळली. शेवटी ती बराच वेळ गप्प बसली. शेकरूंची पोरं गप्प बसली म्हणजे काय, ते जंगलात राहिल्याशिवाय कळायचं नाही.

पण पोरांचं मत कोण विचारतो. सगुणाचे बाबा म्हणाले, “समीक्षक मंडळाने हा गेम वडाखाली सगळ्यांसमोर मांडू दिला, तर तुझं खरं. नाही दिला, तर पुन्हा बगळे सरांचा वर्ग. गुमान उभी राहायचीस.”

“आणि मंडळाला गेम कळलाच नाही तर?”

“मंडळाला सगळं कळतं. उगाच का मंडळावर आहेत ते?”

मंडळावर तिघं होती. अध्यक्ष दादासाहेब गवा. त्यांच्या डावीकडे माळढोककाका. यांची जात आता फार थोडी उरलीय, म्हणून त्यांच्या प्रत्येक वाक्याला मान होता. उजवीकडे घोरपडमावशी. त्या एकदा एका मताला चिकटल्या की सुटायच्या नाहीत.

तिघांनी गेम घरी नेला. आठवड्याने वडाखाली अभिप्राय दिले.

“आमच्या वेळचे गेम अवघड असायचे,” दादासाहेब म्हणाले. “हा फारच सोपा. आणि कथा म्हणाल तर जागेवरून हलत नाही.”

“फार जुनाट,” माळढोककाका म्हणाले. “आजच्या पिढीने आजचं काहीतरी करावं.”

“जुनाट कुठला?” घोरपडमावशी म्हणाल्या. “आमच्या वेळी एवढे रंग नव्हते. जुन्याचं नुसतं सोंग आहे झालं. शिवाय तेच ते संगीत. डोकं उठलं.”

“थोडक्यात, आमचं एकमत आहे,” दादासाहेब म्हणाले. “सुधारून आण बाळ. पुढच्या बैठकीत शेवटचं बघू.”

सगुणा विचारात पडली. गेममध्ये नदी होती, गुहा होती, मधमाश्यांचा बाजार होता. प्रत्येक जागेचं संगीत वेगळं होतं. मग कथा हलत नाही कशी? संगीत तेच ते कसं?

ती दादासाहेबांच्या घरी गेली. ते स्क्रीनसमोरच बसले होते. मुंगूस हवालदार चौकीत उभा होता.

आता ही चौकी म्हणजे गेमची पहिलीच खोली. दाराला कुलूप. किल्ली माठात पडलेली. खुंटीवर लांब दांड्याचं ओगराळं. ओगराळं घ्यायचं, माठात घालायचं, किल्ली वर येते. शेकरूंच्या पोरांनी हे शेंगा सोलता सोलता केलं होतं. दादासाहेब नुसते माठावर क्लिक करत होते. मुंगूस दर वेळी सांगत होता, ‘हात पोचत नाही.’ दादासाहेब पुन्हा क्लिक करत होते.

सगुणाच्या पाठीवरचे काटे उभे राहिले. तिने ते कसेबसे खाली घेतले.

“दादासाहेब, ते ओगराळं उचला ना.”

“दिसतंय मला ओगराळं.”

“मग?”

“मी वातावरण अनुभवतोय.” क्लिक. हात पोचत नाही. “तू मला वाट दाखवायला आलीस का?”

“नाही. सहज फिरायला आले होते.”

ती उरलेल्या दोघांकडेही डोकावली. घोरपडमावशी चौकीच्या भिंतीवर क्लिक करत होत्या. दार असताना भिंत चढून जायची त्यांची सवय. माळढोककाकांचा मुंगूस उभ्या उभ्या झोपला होता. काकाही.

सगुणा घरी आली. वाटेत शाळा लागली. वर्ग एका पायावर उभा होता. दोन ससे आडवे झाले होते आणि सर त्यांना पुन्हा उभं करत होते.

तिने गेम उघडला आणि चौकीच्या पुढचं सगळं पुसलं. नदी पुसली. गुहा पुसली. बाजार, साक्षीदार, नगारा, पाडसाची आई, सगळं. मग माठातली किल्लीही काढली. उरली एक चौकी, एक बंद दार आणि मुंगूस.

“यात आता करायचं काय?” शेकरूच्या पोरीने विचारलं.

“मोठी झालीस की कळेल,” सगुणा म्हणाली. हे वाक्य तिने आयुष्यात पहिल्यांदा उच्चारलं. जीभ कडू झाली.

पुढच्या बैठकीत दादासाहेबांनी शिंगं डोलावली. “काय घट्ट केलंय. एक पाल्हाळ नाही.”

“आजच्या जगण्याची कोंडी आहे ही,” माळढोककाका म्हणाले.

“अगदी आमच्या वेळेसारखं,” घोरपडमावशी म्हणाल्या. “आम्हीसुद्धा असेच तासन्‌तास बसायचो.”

गेम वडाखाली मांडला गेला. मंडळाने सगुणाच्या गळ्यात रानफुलांचा हार घातला आणि पुढच्या वर्षीपासून मंडळावर यायचं आमंत्रणही दिलं. काट्यांमुळे हाराच्या चिंध्या झाल्या, पण टाळ्या थांबल्या नाहीत.

घरी जाताना बाबा फार खुशीत होते. “शाळेचं नाव नको आता. तू आणि मंडळावर, म्हणजे काय.” थोडं पुढे गेल्यावर त्यांनी विचारलं, “मी आपलं अडाणी म्हणून विचारतो. आधीच्या गेममधला तो नगारा कुणी नेलेला?”

मंडळातल्या कुणालाच हे विचारावंसं वाटलं नव्हतं. सगुणा थांबली. तिला बाबांबद्दल एकदम माया वाटली.

“वडीलधाऱ्यांनी,” ती म्हणाली. “दुपारची झोपमोड होते म्हणून. मग पाडस गेलं, आणि सगळ्यांनी मिळून सांगितलं की नगारा चोरीला गेला.”

बाबांनी इकडेतिकडे पाहिलं. मग आवाज खाली आणला.

“गेममधून काढलंस ते बरं केलंस,” ते म्हणाले.

तात्पर्य: मुलांनो, मोठ्यांना कधी वाट दाखवू नये. ते जिथे अडकलेत, तिथेच त्यांना एक छानशी चौकी बांधून द्यावी. ते तिला कलाकृती म्हणतात, तुमची शाळा सुटते, आणि पाडसाबद्दल पुन्हा कुणी विचारत नाही.