जरा पुढपर्यंत

केवळाबाईंनी मागून सदरा धरला, पण तोवर किशनतात्या मैदानात उतरला होता. हातात पाण्याचा पेला, खांद्यावर गमचा आणि शेजारून पळणारी पुनम.

"अवो तात्या, आपलं काम टेबलापाशी हाय!"

"आलोच बाई. पोरीला जरा पुढपर्यंत सोडतो."

हे 'जरा पुढपर्यंत' म्हणजे काय, ते पाण्याच्या टेबलावर मदतीला आलेल्या लातूरच्या केवळाबाईंना ठाऊक असायचं कारण नव्हतं. मुखेडात विचारावं. दारी आलेला माणूस निघाला की त्याला थोडं घालवायला जावं, ही आपल्याकडची रीत. लोक अंगणापर्यंत जातात, फार तर चौकापर्यंत. तात्याचे पाय मात्र पाव्हण्याच्या आधी उठत आणि थांबायचं नाव घेत नसत. इस्लापूरच्या साडूला त्यानं एकदा सोडायला घेतलं, ते सहस्रकुंडाच्या धबधब्यात दोघांची धोतरं भिजली तेव्हा कुठं थांबला. धर्माबादचा एक मिरचीचा व्यापारी तर इतका भला निघाला, की सोडायला आलेल्या तात्याला एकटं कसं धाडावं म्हणून तो उलटा मुखेडपर्यंत सोडायला आला. मग तात्याला पुन्हा निघणं भाग पडलं. दोघांची ही येरझार चालू असतानाच त्या वर्षीचा मिरचीचा हंगाम संपला म्हणतात.

साऱ्या मुलखात एकाच माणसाला सोडायचं राहून गेलं होतं. पुनमला पुण्यात नोकरी लागली, जायचा दिवस उजाडला आणि नेमका त्याच सकाळी साडूही निघाला. तात्या त्याला घालवून परत आला, तेव्हा उंबऱ्याशी धुळीत पुनमच्या बॅगेचा चौकोन तेवढा उरला होता. त्यानंतर दोन दिवाळ्या गेल्या. पोर फोनवर यायची, घरी नाही.

अशात कुणीतरी मोबाइलवर दाखवलं, की पुनम लातूरला पळायला येतेय. दिवसभर आणि रातभर, एकाच मैदानाला फेऱ्या घालत.

"पण जाणार कुठं?" तात्यानं विचारलं होतं.

"कुठंच न्हाई. गोल गोल. तिथल्या तिथंच."

"अरे, तेवढ्या वेळात मुखेडला येऊन परत गेली असती की!"

तात्यानं स्पर्धा भरवणाऱ्या डॉक्टर वीरेशना फोन केला, मदतीला माणूस हवा का म्हणून विचारलं आणि पोरगी आपली आहे हे सांगितलं नाही. गुणाबाईंनी धपाटे आणि शेंगाची चटणी बांधून दिली आणि नवऱ्याला बजावलं, "पोरीला घेऊनच या. रिकाम्या हातानं आलात तर मी अंगणापर्यंत सुदिक घ्यायला येणार न्हाई."

आता ते 'घरी चल' एवढंच बोलायचं होतं. पण पळत्या माणसाशी बोलावं कसं? पुनम टेबलापाशी यायची, पेला घ्यायची आणि जायची. पहिल्यांदा तात्याला बघून ती ठेचकाळलीच. "तात्या, तुम्ही?" एवढं म्हणेपर्यंत पुढं निघूनही गेली. तात्याचं उत्तर तिला पुढच्या फेरीत मिळालं.

"पाणी देऊन राहिलो."

मग बोलणं असं हप्त्याहप्त्यानं चाललं. एका फेरीला तात्या म्हणाला, "म्हस व्याली." पुढच्या फेरीला पुनमनं विचारलं, "काय झालं?" त्याच्या पुढच्या फेरीला समजलं, की रेडी झाली. अशा चालीनं 'घरी चल' यायला पुढची दिवाळी उजाडली असती. म्हणून तात्या चार पावलं सोबत चालू लागला. मग निशाणाच्या खांबापर्यंत. मग वळणापर्यंत.

केवळाबाईंना ते पटेना. "एकटीलाच सोडता होय? बाकीची लेकरं काय रानातून आली?"

तात्या वरमला. पंगतीत दुजाभाव नको, हे खरंच होतं. त्यानं सगळ्यांना सोडायला घेतलं. एक माणूस इतक्यांना पुरणार तरी किती? मग केवळाबाई उतरल्या, तंबूवाले उतरले, चहावाला किटलीसकट उतरला. दुपारपर्यंत मैदानात पळणाऱ्यांपेक्षा घालवायला जाणारेच जास्त झाले. लातूर-नांदेडकडचे पळणारेही रीतीचेच. "तात्या, तुम्ही एकटे कसे माघारी जाणार?" म्हणून धर्माबादचा आनंदराज चक्क उलटा फिरला आणि तात्याला टेबलापर्यंत सोडून आला. ते पाहून हैदराबादचे दोघंही उलटे फिरले. समोरून येणारे त्यांच्यावर आदळले आणि वळणावर एकच गर्दी झाली.

डॉक्टर वीरेश शिट्टी फुंकत धावत आले. "हे काय चाललंय? बाहेरच्या माणसानं सोबत चालायचं नसतं! ज्याच्यासोबत चालला, त्याची फेरी बाद!"

"कुणाकुणाची?" केवळाबाईंनी विचारलं.

डॉक्टरांनी मैदानावर नजर फिरवली आणि त्यांचा चेहरा उतरला. तात्यानं कुणालाच सोडलं नव्हतं, म्हणजे सगळ्यांनाच सोडलं होतं.

पुनम तेव्हा सगळ्यांच्या पुढं होती. ती थांबली. गोरीमोरी होऊन म्हणाली, "तात्या, माझं वरीसभराचं पळणं पाण्यात घातलं तुम्ही."

तात्यानं गमचा तोंडाला लावला. घरी न्यायला आलेल्या बापाची, आता पोर जन्मात दारात पाऊल टाकणार नाही, अशी खात्रीच झाली.

"डॉक्टर," केवळाबाई म्हणाल्या, "पळणाऱ्यानं पळणाऱ्यासोबत चाललेलं चालतं का?"

"चालतं. का?"

"मग तात्याला बी पळणारा करा की! आन् आमालाबी. सकाळपासून चालूनच तर राहिलो."

न आलेल्या स्पर्धकांचे नंबर टेबलाखाली पडून होते. डॉक्टरांनी घाम पुसला, आकाशाकडे बघितलं आणि ते नंबर सकाळची वेळ टाकून वाटून टाकले, म्हणजे कुणाचीच फेरी बाद नाही. चहावाल्याचा नंबर किटलीलाच बांधला. तात्याच्या सदऱ्यावर नंबर टोचताना ते म्हणाले, "आता तुम्ही स्पर्धक. माघारी फिरायचं नाही. फक्त पुढं."

बाकीचे नवे स्पर्धक एकेका फेरीत गळाले. तात्या नियम पाळणारा माणूस. तो चालत राहिला. ऊन कललं, दिवे लागले, वहाणेचा अंगठा तुटला, तसा तो अनवाणी चालू लागला. पुनम मागून यायची आणि न बोलता पुढं जायची. बऱ्याच फेऱ्या अशा गेल्यावर एकदा ती त्याच्याजवळ आली आणि पळायची थांबून चालू लागली.

"बसा आता. पाय सुजले तुमचे."

"बसता येत न्हाई. डॉक्टर म्हणले, फक्त पुढं."

ती हसली नाही. वळणापर्यंत ती त्याच्या पावलानं चालली.

"त्या दिवशी मी दारात उभी होते तात्या. गाडीवाला हॉर्नवर हॉर्न मारून राहिला. आई म्हणली, येतील, येतील. साऱ्या जगाला सोडायला जाता, मला न्हाई."

दोन दिवाळ्या तात्यानं या बोलण्याचं उत्तर घोळवून ठेवलं होतं. ऐन वेळी तोंडातून निघालं ते भलतंच.

"साडू लई हळू चालतो गं," तो म्हणाला.

पुनम हसायला लागली. हसता हसता तिनं त्याच्या खांद्यावरचा गमचा ओढला आणि डोळे पुसले.

"त्या दिवशीचं सोडणं आज सोडून राहिलो," तात्या म्हणाला.

"पण मी जाऊन कुठं राहिले? फिरून तिथंच तर येते."

"तेच लई बरं हाय माय. माणूस जातं, आन् लगीच येतं."

त्यानंतर पुनम दर फेरीला त्याच्यासोबत वळणापर्यंत चालली. या चालण्यापायी आनंदराज पुढं निघून गेला आणि पहिला आला. पुनम दुसरी आली. तात्याही यादीत होता, सगळ्यांत खाली.

सकाळी धपाटे खाऊन झाले. 'घरी चल' हे दोन शब्द तात्याचे अजूनही बोलायचे राहिले होते. पुनमची पुण्याची गाडी रात्री होती. तो कसाबसा उठला. "निघतो मग."

पण त्याच्या आधी पुनमचे पाय उठले होते. "चला, जरा पुढपर्यंत सोडते."

ती फाटकापर्यंत आली. मग लंगडत लंगडत स्टँडपर्यंत आली. "जागा धरून देते," म्हणून एसटीत चढली, खिडकीशी टेकली आणि तात्याच्या खांद्यावर डोकं टाकून झोपली. गाडी हलली तरी तात्यानं तिला उठवलं नाही. शहर मागं पडल्यावर कंडक्टर आला.

"कुठपर्यंत?"

"जरा पुढपर्यंत," पुनम झोपेतच पुटपुटली.

"ताई, ह्या नावाचं गाव मशीनमधी न्हाई."

तात्यानं खिशातलं म्हाताऱ्यांच्या सवलतीचं कार्ड काढलं आणि ती जागी व्हायच्या आत घाईनं म्हणाला, "मुखेड. दोन."

"एक बाई, एक म्हातारं. दोन्ही अर्धी तिकिटं." कंडक्टरनं तिकीट फाडलं. "म्हणजे एकच माणूस चाललाय म्हणा की."

"तसंच धरा," तात्या म्हणाला.

मग त्यानं हळूच गुणाबाईंना फोन लावला आणि तोंडाशी हात धरून म्हणाला, "अगं, घ्यायला ये."

पलीकडून गुणाबाईंचा भरलेला आवाज आला. "कुठपर्यंत येऊ? अंगणापर्यंत?"

तात्यानं खाली पाहिलं. बाकाखाली चार पाय होते, चारी भोपळ्यासारखे.

"पार स्टँडपर्यंत ये," तो म्हणाला. "आन् येताना आटो आण. दोघांच्यानं बी आता एक पाऊल चालवत न्हाई."