ज्योत्स्नाच्या मोराचा पिसारा

निकिताने ताटातली पुरणपोळी तशीच ठेवली, तेव्हा कॉलेजात काहीतरी बिनसलं असणार, असं ज्योत्स्नाला वाटलं. निघालं भलतंच. लेक शाळेपासून मोबाइलवर जी जपानी चित्रकथा वाचत होती, ती संपली होती. आणि वाईट संपली होती.

"इतकी वर्षं राक्षसांशी लढला, आई! आणि शेवटच्या पानावर तलवार टाकून मेंढ्या राखायला गेला!"

"मग? मेंढ्या कुणीतरी राखायलाच हव्यात."

"तुला नाही कळणार. सगळे भडकलेत. नुसती मीम्स चाललीत."

मीम म्हणजे चित्रावर टोमणा लिहून जगभर वाटायचा, एवढं ज्योत्स्नाला ठाऊक होतं. तिच्या नणंदा हेच काम चित्राशिवाय करत.

त्याच आठवड्यात त्यांच्या मखमलाबाद नाक्याजवळच्या सोसायटीत रांगोळी स्पर्धा झाली. ज्योत्स्नाने मोर घेतला. चोच, तुरा, डोळ्यातली चमक, मानेवरची निळी-हिरवी झाक, सगळं असं उतरलं की वॉचमनही वाकून बघून गेला. मानेतच सकाळ सरली. पिसारा बाकी होता आणि परीक्षक म्हणून बोलावलेले पाहुणे तासभर आधी आले. आपल्याकडे पाहुणे कधी लवकर येतात? पण आले. ज्योत्स्नाने मुठीमुठीने रंग सोडत पिसारा उरकला. मोराच्या पाठीला खराटा बांधल्यासारखा दिसायला लागला. बक्षीस शेजारच्या ठिपक्यांच्या कासवाला गेलं.

निकिताने फोटो काढला, मानेवर 'सुरुवात' लिहिलं, खराट्यावर 'शेवट' लिहिलं आणि चित्रकथेच्या चाहत्यांच्या ग्रुपवर दिला टाकून.

दुसऱ्या दिवसापर्यंत मोराने नाशिक ओलांडलं, मग देश. कुणी त्याच्या चोचीत तलवार दिली, कुणी मागे मेंढ्या लावल्या. ब्राझीलच्या एकाने म्हणे तो टी-शर्टवर छापून घेतला.

नवऱ्याचा, किशोरचा, फुलबाजारात गाळा. तो घरी आला तोच छाती काढून. "ज्योत्स्ना, आपला मोर लाखो लोकांनी बघितला! मी सगळ्या हारवाल्यांना दाखवला."

"अहो, हसतायत ते."

"मग हसू दे की! तुझं बघून रडत तर नाहीत ना?"

ज्योत्स्नाला मात्र हसू येईना, कारण तेवढ्यात मोहिनीताईंचा फोन आला. गुढीपाडव्यासाठी गोदाघाटावर मोहिनीताईंचा गट आदल्या दिवशी भली मोठी रांगोळी काढतो. ज्योत्स्ना कित्येक वर्षं त्यात कडेची हिरवी पट्टी भरत आली होती. यंदा पहिल्यांदाच मधला मोर तिच्या वाट्याला आला होता.

"ज्योत्स्ना, सटाण्याच्या भाच्याने मला एक मोर पाठवलाय. तुझाच ना गं? मागे तुमचं पार्किंग दिसतंय."

"माझाच, ताई."

"हं. मग असं करू. मान तू काढ, पिसारा गटातली शुभांगी काढेल."

"ताई, अर्धा मोर मी नाही काढणार. द्यायचा तर अख्खा द्या. नाहीतर माझी पट्टी आहेच."

पलीकडे कुकर बंद केल्याचा आवाज आला. मग मोहिनीताई म्हणाल्या, "बरं. पण सुरुवात पिसाऱ्यापासून करायची."

निकिता दारात उभी राहून ऐकत होती. "सॉरी, आई. डिलीट करते."

"आता काय डिलीट करतेस? ब्राझीलला गेलाय तो."

मग भरपाई म्हणून निकिताने आईला न विचारता त्याच ग्रुपवर टाकलं, 'मोरवाल्या काकू पाडव्याच्या आदल्या दिवशी गोदाघाटावर. या!'

लोक आले. ज्योत्स्ना सकाळपासून मांडी घालून पिसाऱ्यातला एकेक डोळा चिमटीने भरत होती. दुपारी तुऱ्याचं शेवटचं टोक ठेवून तिने मान वर केली, तर भोवती काळ्या टी-शर्टांची गर्दी. एकाकडे लाकडी तलवार, एकीच्या कडेवर कापसाची मेंढी. सगळे मोराकडे बघत होते.

"काकू," तलवारवाला म्हणाला, "खराटा कुठंय?"

"कसला खराटा?"

"अहो, आम्ही घोटीहून आलो, सेल्फी काढायला! तुम्ही तर शेवट पार बिघडवला."

"पहिलाच भारी होता," मेंढीवाली हळहळली. "थोडासा विस्कटा ना, काकू, प्लीज!"

"ए!" निकिता मध्ये घुसली. "मोर तिचा आहे. तिला पाहिजे तसा ती संपवेल. तुम्ही कोण सांगणार?"

एवढं बोलून ती हातातल्या मोबाइलकडे बघायला लागली. स्वतःचंच बोलणं कानावर पडलं असावं.

ज्योत्स्ना गुडघ्यांवर हात टेकून उठली. "असं करा," ती पदराला निळे हात पुसत म्हणाली, "घोटीला जा, आपापल्या दारात मोर काढा आणि त्याला पाहिजे तेवढे खराटे लावा. हा पिसारा माझा."

कुणीतरी ते शूट केलं, हे वेगळं सांगायला नको. तिकडे मोहिनीताई पिसाऱ्याभोवती एक फेरी मारून आल्या. मग त्यांनी कमरेला पदर खोचला, हिरव्या रंगाची पिशवी उचलली आणि कडेला जाऊन बसल्या. "तू बस जरा," त्या म्हणाल्या. "पट्टी मी भरते."

संध्याकाळी नवी मीम्स आली. त्यांत ज्योत्स्ना निळे हात पुसत उभी होती आणि खाली लिहिलं होतं, 'हा पिसारा माझा.' किशोरने ते गाळ्यावर लावायला मोठं छापून आणायचं ठरवलं. निकिता मात्र कोपऱ्यात बसून जुनी चित्रकथा उघडून शेवटचं पान पुन्हा वाचत होती.

"शेवट इतकाही वाईट नाहीये गं," ती पुटपुटली.

ज्योत्स्नाने तिच्या खांद्यावरून वाकून पाहिलं. डोंगर, मेंढ्या, पाठमोरा मुलगा. तलवारीची मूठ नुसत्या दोन रेघांत उरकलेली.

"हात चांगलाय काढणाऱ्याचा," ती म्हणाली. "पाहुणे लवकर आले असतील बिचाऱ्याकडे."