अर्ध्या मिशीची कंटिन्युइटी

"एका टेकमध्ये देतो! दुसरा टेक मागायची वेळच येणार नाही!" असं म्हणून काकांनी मिशीवर ताव दिला आणि तिथेच सगळ्या घोटाळ्याची मुहूर्तमेढ रोवली.

आता काका म्हणजे काय प्रकरण आहे, ते आधी सांगायला हवं. विमा कंपनीच्या ऑफिसात नोकरी, नाकाखाली टोकं वर वळवलेली भरघोस मिशी, आणि बोलणं! अहो, रस्त्यात कुणी पत्ता विचारला तरी काका आधी त्या रस्त्याचा इतिहास सांगत. माणूस कंटाळून निघून जाई, तरी काका त्याच्यामागे दोन पावलं जाऊन उरलेलं सांगून येत. ऑफिसात कुणाचा निरोप समारंभ असो नाहीतर नवा पंखा बसवलेला असो, भाषण काकांचंच. घरी काकूंनी त्यावर एकच उपाय शोधला होता. त्या मिक्सर लावत.

चिंगी ही काकांच्या थोरल्या भावाची, म्हणजे दादांची मुलगी. काकांची भारी लाडकी. तिला सिनेमा शिकायचा होता. दादांचं प्लायवूडचं दुकान. त्यांच्या मते सिनेमा ही बघायची गोष्ट, शिकायची नव्हे! शेवटी रडारड, अबोला वगैरे सगळं यथासांग झाल्यावर त्यांनी अट घातली. गावात चित्रपट महोत्सव भरणार होता आणि त्यात विद्यार्थ्यांसाठी कार्यशाळा होती. पहिल्या दिवशी शूटिंग करायचं, दुसऱ्या दिवशी एडिटिंग, आणि संध्याकाळी तो छोटा सिनेमा मोठ्या पडद्यावर! ज्या गटाचं काम अपुरं राहील त्याचा सिनेमा दाखवणार नाहीत, असा तिथला नियम.

"तुझा सिनेमा पडद्यावर लागला, तर शीक काय शिकायचं ते," दादा म्हणाले. "नाही लागला, तर सोमवारपासून दुकानात येऊन बसायचं."

चिंगीने गोष्ट छान लिहिली होती. एका बापाची भलीमोठी मिशी असते, आणि त्या मिशीमुळे त्याची लहान मुलगी त्याच्याशी बोलायला घाबरते. शेवटी बाप सलूनमध्ये जाऊन मिशी उतरवतो. बस्स, एवढंच! पण मिशी खरीखुरी उतरवायची आहे हे कळल्यावर ठरलेला नट जो पळाला, तो फोनच उचलेना. चिंगी हातपाय गाळून बसली. आणि काकांनी ती भरघोस मिशी पुतणीसाठी पणाला लावली! काकांना नावं ठेवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

अडचण एकच होती. शूटिंगच्याच दिवशी दुपारी काकांच्या साहेबांचा निरोप समारंभ होता. काका म्हणाले, "त्यात काय! सकाळी मिशी, दुपारी भाषण!" आणि सकाळच्या सुट्टीसाठी त्यांनी साहेबांना फोन लावला. "साहेब, दाढ फार ठणकतेय हो! पण समारंभाला येणार म्हणजे येणारच!"

सिनेमाच्या कामासाठी सुट्टी मागायची लाज वाटली, म्हणून ही दाढ.

कार्यशाळेच्या सरांनी आदल्या संध्याकाळीच बोलावून मुलांच्या डोक्यात एकच गोष्ट ठोकून बसवली होती: कंटिन्युइटी! म्हणजे या शॉटमध्ये कप भरलेला असेल, तर पुढच्या शॉटमध्ये तो रिकामा दिसता कामा नये. शर्टाचं बटण उघडं असेल, तर उघडंच राहिलं पाहिजे. आणि कॅमेरा होता एक, गट दोन. बारापर्यंत कॅमेरा चिंगीचा, मग दुसऱ्या गटाचा, तीन वाजता पुन्हा चिंगीचा.

सलून कोपऱ्यावरचंच. मालकांनी आनंदाने दिलं होतं. आरसे पुसलेले, खुर्चीवर नवा टॉवेल. सगळं तयार! आणि काका बोलायला लागले.

"हे बघ चिंगे, तू लिहिलेल्या दोन वाक्यांत मजा नाही. मी जरा वाढवलंय!" खिशातून काकांनी कागद काढला. दोन वाक्यांची दोन पानं झाली होती! बापाचं बालपण, मिशीचा उगम, समाजाची अवस्था, सगळं त्यात होतं.

"काका, तो नुसता आरशात बघतो..."

"बघेल की! बोलता बोलता बघेल!"

मग काकांनी कॅमेरावाल्या मुलीला प्रकाश कसा असावा ते सांगितलं. मालकांना वस्तरा कसा धरावा ते सांगितलं. मालक हातातल्या वस्तऱ्याकडे आणि काकांच्या गळ्याकडे आळीपाळीने बघत होते. एकदाची सुरुवात झाली. लांबचा शॉट! फेस लागला, वस्तरा फिरला, डाव्या बाजूची मिशी सटासट उतरली. आणि खरोखर एका टेकमध्ये!

"कट! आता जवळचा शॉट," चिंगी म्हणाली. आणि दारात दुसरा गट उभा. बारा वाजले होते. सर स्वतः घड्याळ दाखवत आले, कॅमेरा स्टँडवरून उतरवला आणि घेऊन गेले.

काका खुर्चीत तसेच. उजवीकडे मिशी, डावीकडे मैदान!

"बरं, आता उरलेली उडवा मालक. मला समारंभाला जायचंय."

"हात लावायचा नाही!" चिंगी अशी किंचाळली की मालकांच्या हातातून ब्रश पडला. "काका, कंटिन्युइटी! अर्ध्या मिशीचा क्लोजअप राहिलाय! ती गेली तर सिनेमा अपुरा. अपुरा सिनेमा लावत नाहीत. मग सोमवारपासून मी प्लायवूड विकू?"

"अगं, पण मी असा जाऊ? सगळं ऑफिस असणार तिथे!"

"आणि मी काय म्हणतो," मालकही कळवळून म्हणाले, "असं अर्धं गिऱ्हाईक माझ्या दुकानातून बाहेर पडलं, तर लोक काय म्हणतील? निदान मागच्या दाराने तरी जा हो!"

काकांनी चिंगीकडे पाहिलं. तिचा चेहरा रडवेला झाला होता. सकाळचा वेळ कुणी खाल्ला हेही त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी निमूटपणे रुमाल काढला, ओठाच्या डाव्या बाजूवर दाबला आणि मागच्या दाराने सटकले.

समारंभात काका पोचले मात्र, साहेब धावत आले. "अरे अरे! दाढ अजून दुखतेय?"

काकांना हायसं वाटलं. रुमालाला कारण आयतंच मिळालं! "हो ना साहेब! जीव नकोसा झालाय नुसता!"

एवढं म्हणायला नको होतं. कारण साहेबांच्या पत्नी दातांच्या डॉक्टर होत्या, त्यांचा दवाखाना समोरच्याच इमारतीत होता, आणि त्या पहिल्याच रांगेत बसल्या होत्या!

"चला," बाई उठल्या.

"अहो नको नको! माझं भाषण आहे!"

"भाषणाचं राहू द्या हो!" साहेब म्हणाले.

"राहू द्या, राहू द्या!" सगळं ऑफिस एका सुरात ओरडलं. कधी नव्हे ते दोन कारकून पुढे आले आणि काकांना दंडाला धरून रस्ता ओलांडून देऊन आले. इतकी माया काकांनी नोकरीत कधी अनुभवली नव्हती.

दवाखान्यातल्या त्या लांबलचक खुर्चीत काका आडवे. डोक्यावर दिवा. "रुमाल काढा." काका रुमाल सोडेनात. बाईंनी तो ओढूनच काढला. आणि बघतच राहिल्या.

"अगं बाई! दुखऱ्या बाजूला लेप लावायला म्हणून मिशी काढलीत?"

काकांनी मान हलवली.

"किती सोसलंत हो! आणि अशा अवस्थेत यांच्या समारंभाला आलात!" बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. ऑफिसात ही गोष्ट आजही सांगतात, बरं का, आणि काकांनी ती अजून दुरुस्त केलेली नाही. "आ करा बघू. अरे देवा! वरची दाढ चांगलीच किडलीय की!"

काका ताडकन उठू पाहत होते. सकाळपासून ज्या दाढेच्या नावाने थापा मारल्या ती खरंच किडलेली निघावी? पण उठणार कसे? सुई टोचलीसुद्धा होती!

तीन वाजता काका मागच्याच दाराने सलूनमध्ये शिरले. अर्धी मिशी शाबूत होती. चिंगीचा जीव भांड्यात पडला. कॅमेरा लागला, दिवे लागले.

"काका, म्हणा तुमचं वाक्य."

काकांनी तोंड उघडलं. "वाझ्या विशीला घावरतेस तू, वाळा?"

ओठाची डावी बाजू लोंबत होती, आणि म्हणायचं होतं "माझ्या मिशीला घाबरतेस तू, बाळा?" पुन्हा प्रयत्न केला. या खेपेला शब्दांपेक्षा लाळ जास्त आली.

"काय झालं तुम्हाला?"

काकांनी खुणेने सुई दाखवली, दाढ दाखवली, कपाळाला हात लावला. चिंगीला सगळं कळलं. ती मटकन खालीच बसली, केसांच्या ढिगाशेजारी, आणि हुंदके देऊन रडायला लागली. "गेलं सगळं! मी तुमच्यावर भरवसा टाकला होता काका!"

काकांना फार काही बोलायचं होतं. रडू नकोस म्हणायचं होतं, चूक माझी आहे म्हणायचं होतं, दादाला मी समजावतो म्हणायचं होतं. आणि जन्मात पहिल्यांदा त्यांना एक शब्द बोलता येईना! ते नुसते खुर्चीत बसले होते आणि आरशातून मागे रडणाऱ्या पोरीकडे बघत होते. त्यांचे डोळे भरून आले. एक थेंब त्या बिनमिशीच्या गालावरून घरंगळला.

चिंगीने डोळे पुसत वर पाहिलं. आरशात पाहिलं. आणि एकदम हळूच म्हणाली, "काका, हलू नका. अजिबात हलू नका. तसंच बघत राहा."

कॅमेरा सुरू झाला. मालकांनी न सांगता वस्तरा उचलला आणि उरलेली मिशी उतरवली. काका आरशात बघत राहिले. कट म्हणायचं कुणाला सुचेचना.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सभागृह भरलेलं होतं. काकू होत्या, सलूनचे मालक इस्त्रीचा शर्ट घालून आले होते, आणि दादा हाताची घडी घालून बसले होते. चिंगीचा सिनेमा लागला. आरशातला तो चेहरा पडद्याएवढा झाला. दिवे लागले तेव्हा टाळ्यांचा कडकडाट! "केवढा संयम! न बोलता किती बोलला हा माणूस!" असं सर स्वतः म्हणाले. काका लगेच उभे राहिले आणि त्यांनी घसा खाकरला.

"बसा हो खाली," काकूंनी त्यांचा सदरा ओढला.

चिंगी येऊन दादांसमोर उभी राहिली. "बाबा..."

दादा चष्मा पुसत होते. बराच वेळ पुसत होते. मग म्हणाले, "शीक तू सिनेमा. माझी ना नाही."

"खरंच? एवढा आवडला?"

"सिनेमातलं मला काही कळत नाही गं," दादा म्हणाले, आणि दुकानातला त्यांचा आवाज, तो मागच्या रांगेपर्यंत गेला. "पण याला मी जन्मापासून ओळखतो! आईला जमलं नाही, मास्तरांना जमलं नाही, याच्या बायकोला तर जमलंच नाही. तू याला अख्खा सिनेमाभर गप्प बसवलंस! जिला हे जमतं, तिला जगात काहीही जमेल!"

त्यावर काका पुष्कळ बोलले. पण लोकांच्या हसण्यात ते कुणालाच ऐकू आलं नाही.